मुतखडा : ऑपरेशन सोपं, स्टेंट जड

माझा खडा ८ मिलिमीटरचा, मूत्रवाहिनीत अडकलेला. ५ मिलिमीटरच्या आतला बहुतेक वेळा आपोआप पडतो. एवढा मोठा सहसा पडत नाही. कुळथाचं कढण खुशाल प्यावं, पण अडकलेला खडा त्याने हलेल या भरवशावर राहू नये. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीतला खडा अनेकदा दिसतच नाही, नुसती किडनीची सूज दिसते, म्हणून साधा, म्हणजे डाय न टोचता केलेला, सीटी स्कॅन. दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला तर मात्र रात्र काढायची नाही. तेव्हा आधी अडलेल्या लघवीला वाट करून देतात, खडा नंतर.

ऑपरेशन म्हणजे कमरेत भूल, लघवीच्या मार्गाने दुर्बीण, लेझरने चुरा. टाका नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगायचं.

खरा त्रास डीजे स्टेंटचा. मूत्रवाहिनी सुजून बंद पडू नये म्हणून ही नळी काही आठवडे आत ठेवतात. लघवी करताना कमरेत कळ येते, कारण लघवी नळीतून उलटी किडनीकडे चढते. नळीच्या खालच्या टोकाचं वेटोळं मूत्राशयाला टोचतं, म्हणून सारखी घाई. जिने चढले, गाडीवर खड्ड्यांतून गेलं की लघवी लालसर होते. पाणी पिऊन स्वस्थ बसलं की निवळते. लघवीत रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी अडली किंवा ताप आला तर दवाखाना गाठायचा. टॅमसुलोसिन, म्हणजे स्टेंटचा त्रास कमी करायला देतात ती गोळी, रात्री घ्यायची आणि अंथरुणातून सावकाश उठायचं, चक्कर येते. स्टेंट काढायची तारीख घरातल्या दोघांना तरी माहीत हवी. राहून गेला तर त्याच्यावरच खडे चढतात.

पुढे पाणी. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना, ग्लास मोजण्यात अर्थ नाही. निम्मं घामात जातं. लघवी मोजावी : दिवसाला अडीच लिटर. जुनी लिटरची बाटली त्याला पुरते. रात्री लघवीला उठलं की पुन्हा ग्लासभर.

निघालेले तुकडे तपासायला द्यावेत, पथ्य त्यावर ठरतं. माझे कॅल्शियम ऑक्सलेटचे. शेंगाचटणीत ऑक्सलेटही आहे आणि मीठही. बंद नको, चमचाभर, तीही दह्याबरोबर. दह्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरून ठेवतं. ‘दूध-दही सोडा’ हा शेजारचा सल्ला म्हणूनच उलटा. दिवसाचं मीठ सपाट चहाचा चमचा, लोणचं-पापड धरून. आणि स्टेंट निघाल्यावर महिना-दीड महिन्याने सोनोग्राफी, दुखत नसलं तरी : किडनी न दुखताही सुजलेली असू शकते.