चिल्टर्नच्या आयर्नबार्क रानात स्विफ्ट पॅरट

मेलबर्नहून ह्यूम महामार्गाने ईशान्येकडे सुमारे पावणेतीनशे किलोमीटर गेले की चिल्टर्न हे लहानसे गाव लागते. गावाच्या कडेलाच चिल्टर्न-माउंट पायलट राष्ट्रीय उद्यानाचे रान सुरू होते. जुलैच्या उत्तरार्धात आम्ही तेथे गेलो ते केवळ स्विफ्ट पॅरट पाहण्यासाठी. हा पोपट ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर वीण करतो आणि हिवाळ्यात (तेथे जून ते ऑगस्ट) सुमारे 250 किलोमीटर रुंदीची बास सामुद्रधुनी ओलांडून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर येतो. आता जगात हे पक्षी हजाराच्याही आत उरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज असून 2016 पासून ऑस्ट्रेलियाच्या सरकारी यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून आहे.

महाराष्ट्रात आपल्याला ठाऊक असलेली निलगिरी बहुधा लागवडीची, एका जातीची असते. ऑस्ट्रेलियात मात्र तिच्या सातशेहून अधिक जाती आहेत, प्रत्येकीचा बहर वेगवेगळ्या वेळी येतो आणि एखादे वर्ष अजिबात न फुलताही जाते. स्विफ्ट पॅरट या बहरामागे फिरतो, त्यामुळे गेल्या वर्षी जेथे थवे होते तेथे यंदा एकही पक्षी नसणे अगदी शक्य असते. निघण्यापूर्वी त्या हंगामातील ताज्या नोंदी तर पाहाव्यातच, पण कोणती झाडे कोठे फुलली आहेत याची चौकशी त्याहून आधी करावी. चिल्टर्नला पाहायचे झाड म्हणजे मग्गा आयर्नबार्क ही निलगिरीची जात. त्याची साल जवळजवळ काळी, खोल भेगांची आणि दगडासारखी कठीण असते, भेगांतून लालसर डिंक पाझरलेला दिसतो आणि बहरात फिकट पिवळसर किंवा गुलाबी फुलांचे झुपके फांद्यांवरून खाली लोंबतात. हिवाळ्यातच फुलणारी व्हाइट बॉक्स ही निलगिरीची जातही आसपास आढळते.

आम्ही उजाडताच हनीईटर पिकनिक एरियाजवळ गाडी लावली आणि झाडाखालची जमीन पाहत चालू लागलो. जेथे कळ्यांची टोपणे आणि केसरांचा सडा ताजा दिसेल तेथे थांबायचे, ही पद्धत फार उपयोगी पडली. अशाच एका झाडाखाली उभे असताना वरून किणकिणल्यासारखा, लोरिकीट या छोट्या पोपटांच्या कर्कश ओरडण्याहून कितीतरी मंजूळ आवाज आला आणि शेंड्याजवळ सहा स्विफ्ट पॅरट दिसले. त्यांतील एक बराच वेळ उलटा लटकून एकेका फुलात चोच खुपसत होता. त्याच्या कपाळाची लाल पिसे परागकणांनी पिवळी झाली होती आणि एक झुपका संपला की तो चोचीने फांदी पकडून दुसऱ्याकडे सरकत होता. जिभेच्या टोकाला ब्रशसारखे तंतू असल्यामुळे त्याला मधुरस असा टिपता येतो. पानांवरच्या बारीक कीटकांनी तयार केलेले गोड पापुद्रेही तो खातो, म्हणून फुले नसलेल्या झाडावर तो दिसला तरी नवल वाटू देऊ नये.

ओळख पटवताना घाई करू नये, कारण त्याच झाडावर मस्क लोरिकीट आणि लिटल लोरिकीटही हिरव्या पानांत हिरवे होऊन बसलेले असतात. लिटल लोरिकीटचा चेहराही लालच असतो, पण तो आकाराने बराच लहान असतो. स्विफ्ट पॅरटची शेपटी लांब, सडपातळ आणि गडद लालसर असते, तर उडताना पंखांखालचा लाल रंग स्पष्ट दिसतो. माझ्या मते ही दोन लक्षणे सर्वांत भरवशाची आहेत. रेड वॉटलबर्ड आणि फ्रायरबर्ड हे मधुरस पिणारे मोठे पक्षी फुललेले झाड आपलेच समजून इतरांना हुसकावतात. त्यांची झटापट ऐकू आली की तेथे दुर्बीण रोखावी.

पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी त्याचा ध्वनिमुद्रित आवाज मुळीच वाजवू नये. उन्हाळ्यात वीण करण्यासाठी लागणारे बळ हे पक्षी या फुलांवरच कमावतात. टास्मानियात घरट्यासाठी लागणाऱ्या जुन्या झाडांच्या ढोल्या तोडीमुळे कमी झाल्या आहेत आणि तेथे बाहेरून आणलेला शुगर ग्लायडर हा झाडांवरून तरंगत जाणारा छोटा सस्तन प्राणी घरट्यात बसलेल्या माद्यांना मारतो. इकडे 1850 च्या दशकातील सोन्याच्या शोधापासून आयर्नबार्कची जुनी, भरपूर मधुरस देणारी झाडे मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. अशा पक्ष्याला फोटोसाठी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडवत नेणे मला अक्षम्य वाटते. झाडापासून अंतर राखून एका जागी शांत उभे राहिल्यास तो स्वतःहून खालच्या फांद्यांवर उतरतो.

मेलबर्नहून ऑल्बरीला जाणारी रेल्वे चिल्टर्नला थांबते, तरी उद्यानात फिरण्यासाठी मोटार हवीच. जून-जुलैत भारतातून तुमच्याकडे आलेल्या आईवडिलांना नेणार असाल तर पहाटे दहिवर गोठलेले असते हे ध्यानात घेऊन कानटोपी, हातमोजे आणि थर्मासमध्ये गरम चहा घ्यावा. दुपारी सायनाइड डॅमच्या काठी बसून पाण्यावर येणारे पक्षी त्यांना आरामात पाहता येतील. रानात सोन्याच्या जुन्या खाणींचे खड्डे असल्याने पायवाट सोडू नये आणि परतीच्या वाटेवर अंधार पडण्याआधीच महामार्ग गाठावा, कारण संध्याकाळी कांगारू अचानक रस्त्यावर येतात. पक्षी दिसल्यास त्यांची संख्या, झाडाची जात आणि ते काय खात होते हे टिपून बर्डलाइफ ऑस्ट्रेलियाला कळवावे. ही संस्था स्वयंसेवकांच्या मदतीने या पोपटाची पाहणी करते आणि त्या पाहणीत नवशिक्यांनाही सहभागी होता येते.