हेम्प आणि बुरशीने माती साफ होते का? होते, पण आधी विष कुठलं ते बघा

हल्ली दर थोड्या दिवसांनी कुणीतरी तोच व्हिडिओ पाठवतं. हिरवंगार हेम्पचं, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाचं शेत, वर म्युझिक, आणि खाली लिहिलेलं असतं की हे झाड जमिनीतलं सगळं विष शोषून घेतं, अणुभट्टीचा अपघात झाला त्या चेर्नोबिलमध्ये पण लावलं होतं. मग दुसरा व्हिडिओ मशरूमचा, की बुरशी डिझेल खाते, प्लास्टिक खाते, सगळं खाते. मला हा विषय मनापासून आवडतो, बरेच दिवस त्यावर जे मिळेल ते वाचतेय, आणि म्हणूनच हे असं अर्धवट फिरताना बघून वाईट वाटतं. कारण ज्यांच्या जमिनीत खरोखर विष आहे ते लोक हे बघून आशा लावून बसतात.

तर पहिली गोष्ट, जी त्या व्हिडिओत कधीच नसते. मातीतलं प्रदूषण दोन अगदी वेगळ्या प्रकारचं असतं. एक म्हणजे डिझेल, ऑइल, डांबरातली रसायनं, बहुतेक कीटकनाशकं, ही सगळी कार्बनची बनलेली. ही तोडता येतात, तोडत तोडत गेलं तर शेवटी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. दुसरं म्हणजे शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, निकेल. ही मूलद्रव्यं आहेत, त्यांना कुठलाही जीव तोडू शकत नाही. कॅडमियम हे कॅडमियमच राहणार, फक्त त्याची जागा बदलेल किंवा ते मातीत घट्ट अडकून बसेल. एवढं एक डोक्यात बसलं की बुरशीचं काम कुठलं आणि हेम्पचं कुठलं हे आपोआप कळायला लागतं.

बुरशीची गोष्ट आधी सांगते कारण ती मला जास्त भारी वाटते. लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो, त्याने लाकूड कडक राहतं. त्याची रचना इतकी वेडीवाकडी असते की बहुतेक जिवाणूंना तो नीट पचत नाही. पण पांढरी कुज करणाऱ्या बुरशा असतात, धिंगरी अळिंबी म्हणजे आपलं ऑयस्टर मशरूम त्यातलंच, त्यांना तो जमतो. कसा, तर त्या आपल्या तंतूंच्या बाहेर एन्झाइम, म्हणजे पदार्थ तोडणारी प्रथिनं सोडतात, लॅकेज, मँगनीज पेरॉक्सिडेज वगैरे, आणि नेहमीची एन्झाइम जर एका कुलपाची एक किल्ली असतील तर ही म्हणजे हातोडा आहेत, समोर जे येईल ते फोडतात. आता गंमत अशी की डांबरातल्या, कार्बनच्या कड्या एकमेकींना जोडून बनलेल्या रसायनांची रचना, काही कीटकनाशकांची रचना लिग्निनच्या तुकड्यांशी मिळतीजुळती आहे, त्यामुळे बुरशीला ती 'ओळखावी' लागतच नाहीत, लाकडासाठी सोडलेल्या एन्झाइमने तीही फुटतात. 1985 मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम नावाच्या बुरशीवर पेपर आला, त्यात डीडीटी, लिंडेन, बेंझोपायरीन असली चिवट रसायनं तिने ऑक्सिडाइज केल्याचं, म्हणजे ऑक्सिजनच्या मदतीने तोडल्याचं दाखवलं होतं. तिथून या सगळ्याला जोर आला.

धिंगरीची पिशवी कधी जवळून बघितली असेल तर कळेल मी काय म्हणतेय. आधी गव्हाचं काड नुसतं पिवळं, ओलसर. मग स्पॉनच्या, म्हणजे बियाण्यासारख्या वापरायच्या बुरशी वाढवलेल्या दाण्यांभोवती पांढरे ठिपके, मग ते एकमेकांना भेटतात, आणि शेवटी काड इतकं घट्ट बांधलं जातं की पिशवी फाडली तरी अख्खा गठ्ठा तसाच हातात येतो. काडी मोडून बघितली तर आतून मऊ, फिकट झालेली, आणि ताज्या ओल्या लाकडासारखा वास. प्रदूषित मातीत हेच जाळं पसरवायचं असतं, म्हणजे काड किंवा लाकडाचा चुरा आधी बुरशीने भरून घ्यायचा आणि मग तो मातीत मिसळायचा, ओल ठेवायची, हवा खेळती ठेवायची.

अमेरिकेत 1998 च्या सुमाराला मशरूमचे अभ्यासक पॉल स्टॅमेट्स यांनी बेलिंगहॅम इथे ट्रक दुरुस्तीच्या यार्डातल्या डिझेलने काळ्या झालेल्या मातीच्या ढिगावर ऑयस्टरचं स्पॉन घातलं होतं, बाजूला बुरशी न घातलेले दुसरे ढीग होते. त्यांनी सांगितल्याप्रमाणे काही आठवड्यांनी बाकीचे ढीग तसेच काळे घाण वासाचे, आणि यांच्या ढिगावर मशरूमचे घोस उगवलेले, मग माश्या आल्या, पक्षी आले, त्यांच्यासोबत बिया आल्या. ही गोष्ट खूप फिरते आणि फिरायलाच पाहिजे, मलाही ती फार प्रिय आहे. पण ते ढीग होते, वर काढलेली माती होती. उघड्या जमिनीत आधीपासूनच्या जिवाणू आणि बुरशांशी मारामारी असते, आपली बुरशी बऱ्याचदा हरते, काड संपलं की उपाशी मरते. आणि कधीकधी रसायन अर्धवटच तुटतं आणि मधला जो पदार्थ बनतो तो मूळच्यापेक्षा जास्त विषारी असू शकतो. म्हणून नुसती माती काळ्याची तपकिरी झाली यावर खूश व्हायचं नसतं, लॅबमध्ये तपासून घ्यायचं.

आता हेम्प. म्हणजे भांगेच्याच जातीचं पण नशेचा अंश नावापुरताच असलेलं झाड. त्याचे गुण खरे आहेत, भराभर वाढतं, तीन-चार महिन्यात माणसाच्या डोक्याच्या वर जातं, मूळ खोल जातं, खराब जमिनीतही तग धरतं. पण धातू ओढण्यात ते चॅम्पियन नाही हो. खरे चॅम्पियन वेगळे आहेत, टेरिस विट्टाटा नावाचं नेचं आर्सेनिक असं काही पानात साठवतं की 2001 मध्ये ते 'नेचर' जर्नलमध्ये छापून आलं तेव्हा लोक चकित झाले. हेम्पमध्ये धातू बराचसा मुळातच अडकतो, वर खोडात थोडाच चढतो. आणि मूळ तर आपण जमिनीतच सोडतो! शिसं तर मातीला इतकं घट्ट धरून असतं की कुठल्याच झाडाला ते नीट मिळत नाही. 1990 च्या दशकात त्यावर उपाय म्हणून मातीत ईडीटीए हे धातूला पकडून ठेवणारं रसायन घालून शिसं सुटं करायचे प्रयोग झाले, शिसं सुटलं, पण ते पावसाच्या पाण्याबरोबर खाली भूजलात जाण्याचा धोका उभा राहिला.

चेर्नोबिलचं म्हणाल तर तिथे 1990 च्या दशकाच्या शेवटी हेम्प लावायला सुरुवात झाली होती हे खरं. पण तिथलं किरणोत्सारी सीझियम-137 निम्मं व्हायला साधारण 30 वर्षं लागतात, ते चिकणमातीच्या थरात अडकून बसतं, आणि झाड त्याला पोटॅशियम समजून घेतं म्हणून मातीत पोटॅशियम भरपूर असेल तर ते आणखी कमी घेतं. हेम्पमुळे चेर्नोबिल साफ झालं असं जे लिहितात ते चूक आहे.

हेम्प आणि बुरशी एकत्र आली तर काय, हा मला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग वाटतो. इथली बुरशी वेगळी, लाकूड कुजवणारी नव्हे, मुळांच्या आत राहून झाडाला फॉस्फरस पुरवणारी मायकोरायझा. 2005 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी कॅडमियम, निकेल आणि क्रोमियम घातलेल्या मातीत हेम्प वाढवलं, काही झाडांना ही बुरशी दिली. बुरशी असलेल्या झाडांमध्ये तिन्ही धातू मुळातून वर खोड-पानांकडे जास्त गेले. म्हणजे जी हेम्पची मुख्य अडचण, तीच थोडी सुटली. प्रयोगातलं यश आहे, शेतातलं नाही, पण दिशा बरोबर वाटते.

बरं, धातू वर चढला, कापणी केली, आता त्या पिकाचं काय करायचं? हा प्रश्न व्हिडिओवाले कधीच विचारत नाहीत. अमेरिकेत मेन राज्यात लोरिंग हा हवाई दलाचा तळ होता, 1994 ला बंद झाला, तिथली काही जमीन पुढे मिकमॅक आदिवासी समाजाला मिळाली आणि मग कळलं की आग विझवायच्या फोममुळे मातीत पीएफएएस नावाची रसायनं आहेत. ही रसायनं कार्बनचीच, पण कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका पक्का की सहजासहजी तुटत नाही. त्या लोकांनी संशोधकांना बरोबर घेऊन तिथे हेम्प लावलं आणि झाडात पीएफएएस सापडलं, म्हणजे ते वर येतंय. पण ते पीक तसंच कुजवलं तर पीएफएएस परत मातीत, आणि कमी तापमानाला जाळलं तर हवेत. म्हणून त्या पिकातलं पीएफएएस नष्ट कसं करायचं यावर वेगळं काम करावं लागतंय. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो, मिळालेली जमीन सोडून जायची नाही म्हणून ते हे करतायत.

आता मला कुणी विचारलंच की माझ्या जमिनीचं काय करू, तर मी आधी माती तपासायला सांगते, कुठला पदार्थ, किती, किती खोलवर, आणि पीएच, म्हणजे मातीची आम्लता, किती. तेल-डिझेलचं छोटं प्रदूषण असेल तर माती वर काढून काड आणि धिंगरीचा प्रयोग जरूर करा, परत परत तपासून. धातू असतील आणि प्रमाण मध्यम असेल तर ते काढायच्या मागे वर्षानुवर्षं लागण्यापेक्षा चुना घालून पीएच वाढवणं, भरपूर कंपोस्ट घालणं आणि जमीन झाकलेली ठेवणं, यात कॅडमियम, शिसं जागच्या जागी बसतं, झाडात कमी जातं, धुळीने घरात कमी येतं. मात्र आर्सेनिक असेल तर चुना नको, पीएच वाढला की ते उलट सुटं होऊ शकतं. मध्यम प्रमाणात धातू असलेल्या जमिनीत हेम्पही लावता येतं, धाग्यासाठी, खायच्या बियांसाठी नाही.

आणि हो, या सगळ्यात जे मशरूम उगवतील ते खाऊ नका, कितीही सुंदर दिसले तरी. डिझेल तुटलं असेल पण त्याच मातीत कॅडमियम किंवा पारा असेल तर मशरूम तो साठवतात. सीझियमचंही तसंच, जर्मनीतल्या बव्हेरियातली रानडुकरं जमिनीखालची एक बुरशी उकरून खातात म्हणून त्यांच्या मांसात अजूनही सीझियम सापडतं आणि तिथे रानडुकराचं मांस विकायच्या आधी तपासावं लागतं.