पाणी, मिळकतकर आणि पावसाळ्यापूर्वीची कामे

2021 मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या 23 गावांपैकी नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला या आपल्या भागातून येणाऱ्या तक्रारींत पाण्याचा विषय आजही पहिला असतो, आणि जानेवारी 2025 मधील, दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराच्या साथीनंतर तो तसा असणे स्वाभाविकच आहे. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण आपल्याइतकी कोणाला लागू पडत असेल! क्लोरीनची तपासणी सोसायटीच्या टाकीवर न करता थेट जलवाहिनीच्या नळावर करावी, असा आग्रह मी परवा धरला; परीक्षानळीत ऑर्थोटोलिडीन या क्लोरीन ओळखणाऱ्या रसायनाचे थेंब पडताच पाणी पिवळसर झाले, म्हणजे त्यात क्लोरीन होते. टाकीतल्या नमुन्याला मात्र रंगच आला नाही. तेव्हा टाक्या वेळेवर धुऊन घेणे ही सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांचीच जबाबदारी आहे, हे कटू वाटले तरी सांगितले पाहिजे.

स्वतः राहत असलेल्या घरावरील मिळकतकरातील 40 टक्के सवलत ज्यांना मिळालेली नाही, त्यांनी पुराव्यांसह पीटी-3 अर्ज भरावा.

नालेसफाई सुरू आहे. परंतु काढलेला गाळ काठावरच राहिला, तर पहिल्याच वळवात तो पुन्हा नाल्यात जातो, म्हणून गाळ उचलल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचे मान्य करणार नाही, असे ठेकेदाराला लेखी कळवले आहे.