दरवळ घरातही हवा आणि केकमध्येही

सणासाठी केक, बिस्किटं भाजायला घेतली की घरभर घमघमाट सुटतो आणि सगळे स्वयंपाकघराकडे वळतात. पण जेवढा वास हवेत गेला, तेवढा पदार्थातून गेलेला असतो. म्हणूनच घर दरवळलं आणि केक मात्र नुसता गोड लागला, असं सर्रास होतं. दोन्ही साधायचं तर नुसता मसाला वाढवून भागत नाही. तो किती ताजा आहे, कशात मिसळला आणि ओव्हनची आच किती ठेवली, हे आधी बघावं लागतं.

मसाल्याचा वास म्हणजे त्यातली उडून जाणारी तेलं. अख्ख्या वेलचीत किंवा लवंगेत ती बंद असतात. कुटली की उडायला लागतात. वेलचीचा वास सर्वांत लवकर जातो, त्यामुळे तिची बाजारातली तयार पूड बेकिंगला घेऊच नये. बाकीच्या पुडी तपासायची सोपी रीत: चिमूटभर पूड तळहातावर चोळा आणि हात नाकापासून वीतभर लांब धरा. तेवढ्या अंतरावरून वास आला तर ती वापरण्याजोगी आहे. नाक टेकवून शोधावा लागला तर ओव्हनमध्ये तिचं काहीच उरणार नाही.

वेलचीचे दाणे चमचाभर साखरेबरोबर कुटले की बारीक होतात आणि सुटलेलं तेल साखर धरून ठेवते. जायफळ बारीक किसणीवर आयत्या वेळी किसावं. दालचिनी मिक्सरमधून काढली तरी काड्यांचे कण राहतात, म्हणून ती चाळायलाच हवी. नाहीतर मऊ केकमध्ये कचकच लागते. दालचिनी दोन प्रकारची मिळते. एक पातळ पापुद्र्यांची, हाताने सहज चुरडणारी, सौम्य आणि किंचित फुलांसारख्या वासाची. दुसरी जाड सालीची, कडक, तिखट-गोड; तिला कॅसिया म्हणतात. आचेत कॅसियाचा वास जास्त टिकून राहतो, म्हणून रोल आणि फळांच्या केकला मी तीच घेईन. मात्र तिच्यात कूमरिन नावाचं द्रव्य बरंच जास्त असतं आणि ते रोज, भरपूर पोटात जाणं यकृताला चांगलं नाही. सणापुरतं ठीक, रोजच्या खाण्यात पातळ सालीची बरी.

प्रमाणात सर्वाधिक घोळ लवंग घालते. तिच्यातलं युजेनॉल इतकं तीव्र असतं की जरा जास्त झालं तर जीभ बधिर होते आणि बाकी मसाले असून नसल्यासारखे होतात. २५० ग्रॅम मैद्याला लवंगेची पूड पाव चहाचा चमचा, ही वरची मर्यादा. मिश्रण करून ठेवायचं असेल तर ४ भाग दालचिनी, २ भाग सुंठ, १ भाग जायफळ, १ भाग वेलची आणि अर्धा भाग लवंग. २५० ग्रॅम मैद्याला याचे दोन ते अडीच चहाचे चमचे पुरतात. लहान बरणीत, उजेडापासून लांब ठेवा, आणि महिन्याभरात संपेल एवढंच करा.

आता मसाला घालायचा कशात? बहुतेक कृतींत तो मैद्याबरोबर चाळायला सांगतात. चालतं, पण वास देणारी ही द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ती मुरतात स्निग्धात. म्हणून मसाला बटरमध्ये घालून मग साखरेबरोबर फेटावा. बटर वितळवूनच घ्यायचं असेल तर अगदी मंद आचेवर वितळवून, गॅस बंद करून त्यात मसाला घालावा आणि दहा मिनिटं झाकून ठेवावा. तेवढ्याच मसाल्यात वासाचा फरक स्पष्ट जाणवतो. व्हॅनिलाचंही तसंच, अर्क बटरमध्येच घालावा. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या सालीची जागा मात्र साखरेत. फळ गरम पाण्याने चोळून धुवा, म्हणजे वरचं मेण निघेल. मग फक्त रंगीत भाग किसा. खालचा पांढरा थर आला की कडूपणा आलाच. हा कीस साखरेत टाकून बोटांनी दोन मिनिटं चोळला की सालीतल्या तेलाच्या पिशव्या फुटतात, साखर ओलसर आणि रंगीत होते, आणि वास तिथेच उसळतो.

बेकिंगच्या घमघमाटात मसाल्याइतकाच वाटा भाजण्याचा असतो. पीठ, दूध, अंडी यांतली प्रथिनं आणि शर्करा तापल्यावर एकमेकांशी संयोग पावतात आणि खमंग वास, तपकिरी रंग तयार होतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या प्रक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर ती वेग घेते. केकच्या आत पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे खमंगपणा येतो तो फक्त कडेला आणि पापुद्र्याला. आतल्या भागालाही तो हवा असेल तर भाजलेली सामग्री आधीच आत घालावी लागते: भाजलेले काजू-बदाम, किंवा भाजलेलं बटर.

भाजलेलं बटर करायला रंग दिसेल असं फिकट बुडाचं पातेलं घ्या. बिनमिठाचं बटर मध्यम आचेवर ठेवलं की आधी तडतड आवाज येतो. ते पाणी उडत असतं. आवाज मंदावला की फेस चढतो आणि फेसाखाली दुधाचे कण तळाशी बसून तांबूस व्हायला लागतात. इथून पुढे अर्ध्या-एक मिनिटाचा खेळ आहे. सतत ढवळा. भाजक्या बदामासारखा वास आला की लगेच दुसऱ्या थंड भांड्यात ओता, कारण गरम पातेल्यात राहिलं तर गॅस बंद केल्यावरही करपतं. तळाचे कण खरवडून घ्या, चव त्यांतच असते. १०० ग्रॅम बटरमधलं सुमारे १६ ग्रॅम पाणी उडून जातं, म्हणून केकला वापरताना दर १०० ग्रॅममागे एक मोठा चमचा दूध वाढवावं. हे विसरलं तर केक कोरडा आणि भुसभुशीत होतो.

फळांचा केक हा सणाच्या बेकिंगमधला सर्वांत सुगंधी आणि सर्वांत जास्त फसणारा प्रकार. २० सेंटिमीटरच्या खोल गोल टिनसाठी: काळ्या मनुका, बेदाणे, चिरलेले जर्दाळू आणि खजूर मिळून ६०० ग्रॅम, संत्र्याचा रस १५० मिलिलिटर, बटर २०० ग्रॅम, ब्राउन शुगर २०० ग्रॅम, अंडी ४, मैदा २२५ ग्रॅम, बदामाची पूड ५० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, मीठ पाव चमचा, वरचा मसाला दोन चमचे, एका संत्र्याच्या सालीचा कीस.

फळं रसात मंद आचेवर पाच मिनिटं गरम करून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी उरलेला रस निथळून काढा. हा रस केकमध्ये ढकलला तर पीठ पातळ होतं आणि फळं तळाशी बसतात. फळांना मैदा चोळण्याचा उपाय सगळे सांगतात. त्याने थोडी मदत होते, पण मूळ कारण सैल पीठच असतं. पीठ चमच्यावरून सहज ओघळता कामा नये, थबकून पडलं पाहिजे. साखरेत कीस चोळा, बटर आणि मसाला घालून फिकट होईपर्यंत फेटा. अंडी खोलीच्या तापमानाची हवीत आणि ती एकेक करून घालायची. फ्रीजमधून काढून थेट घातली तर बटर गोठतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. तसं झालंच तर चमचाभर मैदा घालून फेटा, सावरतं. मग मैदा, बदामाची पूड, बेकिंग पावडर, मीठ हलक्या हाताने मिसळून शेवटी फळं घाला.

टिनला आतून बटर पेपरचे दोन थर द्या, कागद काठाच्या दोन इंच वर यायला हवा. पीठ भरल्यावर मध्ये चमच्याच्या पाठीने किंचित खळगा करा, म्हणजे केक वर सपाट येतो. १५० अंशांवर, ओव्हनच्या खालच्या बाजूच्या कप्प्यात, दोन ते सव्वादोन तास. सव्वा तासानंतर वरून फॉइल सैलसर झाका. मधोमध घुमट येऊन तडा गेला तर आच जास्त होती: कडा आधी घट्ट झाल्या आणि आतलं पीठ नंतर वाट काढत वर आलं. मध्ये खचला तर आत कच्चा राहिला, किंवा पहिल्या तासात दार उघडलं गेलं. विणायची सुई मधोमध खुपसून ती कोरडी बाहेर आली पाहिजे. फळाचा चिकटपणा लागला तर दुसऱ्या जागी पुन्हा बघा. टिनमध्येच पूर्ण गार करा. मग आधी बटर पेपर आणि त्यावर फॉइल गुंडाळा. फॉइल थेट लावलं तर फळांतल्या आंबटपणाशी त्याची प्रक्रिया होते. तीन दिवस अजिबात कापू नका. ताज्या केकमध्ये मसाले वेगवेगळे आणि उग्र लागतात, मुरल्यावर एकजीव होतात. मद्य नसलेला हा केक आठवडाभर गार, कोरड्या जागी नीट राहतो. हवा दमट असेल तर फ्रीजमध्येच ठेवा.

सुंठीची बिस्किटं त्या मानाने झटपट. बटर १२५ ग्रॅम, ब्राउन शुगर १०० ग्रॅम, मध ६० ग्रॅम, मैदा २५० ग्रॅम, खायचा सोडा अर्धा चमचा, सुंठ दोन चमचे, दालचिनी एक चमचा, लवंग पाव चमचा, चिमूटभर मीठ. गोळा करून तासभर फ्रीजमध्ये, मग चार-पाच मिलिमीटर जाड लाटून कापा आणि १७० अंशांवर दहा ते बारा मिनिटं. ओव्हनमधून काढताना ती मऊच असतात. ट्रेवर पाच मिनिटांत कडक होतात. कडक होईपर्यंत आत ठेवलीत तर गार झाल्यावर दात दुखतील. बिस्किटं पसरट होण्याची मुख्य कारणं तीन: बटर मऊ होतं, सोडा जास्त पडला, किंवा आधीच्या घाण्याचा गरम ट्रे तसाच वापरला. सोडा जास्त झाला की रंग फार सुंदर येतो, पण चव साबणासारखी लागते.

दालचिनीच्या रोलबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे, कारण ती फार कमी ठिकाणी लिहिलेली असते. दालचिनी यीस्टला मंदावते. ती पिठात मळली तर पीठ फुगायला नेहमीपेक्षा बराच वेळ घेतं आणि रोल जड होतात. म्हणून पिठात वेलची घाला आणि दालचिनी फक्त सारणात. ५०० ग्रॅम मैद्याच्या पिठाला ८० ग्रॅम मऊ बटर, १२० ग्रॅम ब्राउन शुगर आणि दोन मोठे चमचे दालचिनी पुरते. सारणात एक मोठा चमचा मैदा मिसळा, म्हणजे साखर वितळून तळाशी वाहत नाही. १८० अंशांवर २२ ते २५ मिनिटं.

ओव्हनच्या बाबतीत, बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. दहा-वीस अंशांचा फरक अगदी नेहमीचा आहे. आत ठेवायचा थर्मामीटर घ्याच. पंखा चालू असेल तर सांगितलेल्यापेक्षा २० अंश कमी. मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर केक शिजतो, पण भाजला जात नाही; त्यामुळे घमघमाटही नाही आणि खमंगपणाही नाही.

नाक हे घड्याळाइतकंच कामाचं आहे. आधी ओल्या पिठाचा, वाफेचा वास येतो, मग बटरचा, मग मसाल्याचा, आणि शेवटी भाजक्या साखरेचा. बिस्किटांचा हा शेवटचा वास शेजारच्या खोलीत पोहोचला की ती झालीच समजा. टोकदार, घशाला लागणारा वास आला तर कडा करपायला लागल्यात. मात्र सतत ओव्हनपाशी उभं राहिलं की नाक त्या वासाला सरावतं आणि काहीच कळेनासं होतं. दोन-तीन मिनिटं बाहेरच्या हवेत जाऊन या, मग पुन्हा वास घ्या.

साठवताना केक आणि बिस्किटं एका डब्यात नकोत. केकचा ओलावा बिस्किटं ओढतात आणि मऊ पडतात. सुंठीची आणि व्हॅनिलाची बिस्किटंही वेगळी ठेवा, नाहीतर दोन दिवसांत सगळी सुंठीचीच लागतात. बटर फ्रीजमधला कांदा-लसणाचा वास पटकन धरतं, म्हणून ते कायम बंद डब्यात.

आणि पाहुणे यायच्या वेळी घर दरवळायला हवं असेल तर सगळी बिस्किटं आदल्या दिवशी भाजून टाकू नका. अर्धं पीठ लांब गोल वळकटी करून बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका. महिनाभर सहज राहतं. दहा मिनिटं बाहेर ठेवून सुरीने चकत्या कापा आणि थेट गरम ओव्हनमध्ये घाला, फक्त नेहमीपेक्षा एक-दोन मिनिटं जास्त द्या.