कॉर्नेटवालं पोरगं

रविवारी दुपारी तांबडा-पांढरा वरपून आडवा झालो होतो, डोळा लागणार एवढ्यात भाच्याचा मेसेज. 'मामा हे बघच, नाद खुळा.' खाली लिंक. भाचा राजारामपुरीत गिटारच्या क्लासला जातो आणि सध्या त्याला जॅझचं वेड लागलंय, गेल्या महिन्यात दुसरंच काहीतरी होतं. म्हटलं दोन मिनिटं बघू आणि झोपू.

कुठल्याशा म्युझिक कॉलेजातला कार्यक्रम होता. स्टेजवर निम्मे सत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर हेच वाजवत आलेले, आणि निम्मी तिथली शिकणारी पोरंपोरी, कोट अंगात लोंबतायत. ब्लूज चालू होता, जॅझवाल्यांचा नेहमीचा साचा. बारा बारचं आवर्तन, एकेका बारला चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा झाल्या की परत पहिल्या जागेवर. आपल्याला समेची सवय, त्यामुळं दोन-तीन आवर्तनांत माझीही मान बरोबर पडायला लागली. एकेकानं उठायचं, आवर्तनभर मनातनं काहीतरी रचायचं आणि पुढच्याच्या हवाली करायचं.

आता माझी एक खोड सांगतो. जो वाजवतोय त्याच्याकडं मी बघतच नाही, जो नुसता बसलाय त्याच्याकडं बघतो. कोल्हापूरच्या देवल क्लबात आत्याचं बोट धरून गाणं ऐकायला जायचो तेव्हापासनं हे आहे. १८८३ पासनं चालत आलेली संस्था, जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांचा सहवास लाभलेलं हे गाव, पुढं गवई बुवा कसलातरी अवघड जोडराग मांडून बसलेत आणि आमचं लक्ष कुठं, तर मागं तानपुरा धरून बसलेल्या मुलीकडं. तिच्या नखांवर अर्धी गेलेली मेंदी असायची. मधेच बुवा मान जराशी मागं वळवायचे, की ती दचकून आकारात सूर लावायची, आणि तो लागला की बुवांची मान परत पुढं. बास. आत्या चिमटा काढून म्हणायची, पुढं बघ की रे.

तर त्या व्हिडिओतही मी एका म्हाताऱ्याकडंच बघत होतो. खुर्चीत बसलेला, ट्रम्पेट मांडीवर, रुमालानं त्याचं तोंड पुसत होता. शेजारी सॅक्सोफोनवाला पोरगा उभा राहिला, घाईघाईत दोन मात्रा आधीच घुसला आणि मग जे भरकटला ते बाराव्या बारपर्यंत त्याला किनारा काही मिळेना. शेवटी तीन सूर कसेबसे टाकून तो थांबला, कान लाल झालेले. म्हातारा उठला आणि त्यानं काय केलं, तर त्याच तीन सुरांपासनं सुरू केलं. तेच तीन आधी तसेच्या तसे, मग उलटे, मग लांबवून. पोराचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

झोप गेली ती गेलीच.

कारण हे मी पाहिलेलं होतं. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला बँडवाल्यांची खोली होती, खुंटीला सोनेरी झालरीचे लाल कोट, आत पितळ पॉलिशचा वास. शाळेतनं येताना दप्तरासकट मी तिथं दारात उभा. मास्तर क्लॅरोनेट वाजवायचे. आमच्याच वयाचं एक पोरगं होतं, दोन लग्नसराया त्यानं नुसता खुळखुळा हलवला आणि तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या हातात कॉर्नेट आलं, ट्रम्पेटचंच आखूड भावंड. आम्हाला त्याचा केवढा हेवा वाटायचा.

एकदा भर दुपारी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघालेला, पुढं बँड, मी कडेनं चालतोय. अंतरा आला, मास्तरांनी भुवई उडवली आणि पोरानं एकट्यानं ओळ उचलली. वरचा सूर फुटला. अगदी म्हैस हंबरल्यासारखा. वऱ्हाडातली दोन-तीन माणसं हसलीसुद्धा. मास्तरांनी पुढची ओळ घेतली आणि त्यांचं क्लॅरोनेट बरोबर त्याच जागी, तसंच फुटलं. मग सगळ्यांना वाटलं गाण्यातच असेल तसं. तिसऱ्या वेळी तर नवरदेवाचा मामा त्या जागेवर हात वर करून नाचला.

जॅझमधला मोठा ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँगही लहानपणी सुधारगृहाच्या बँडात कॉर्नेट शिकला होता आणि १९२२ मध्ये किंग ऑलिव्हर या बँडमास्तरनं त्याला शिकागोला बोलावून घेतलं ते दुसरं कॉर्नेट म्हणूनच, स्वतःच्या शेजारी. आणि जॅझ पियानोवाला हर्बी हॅनकॉक एक किस्सा नेहमी सांगतो. १९६३ मध्ये तेविशीत तो ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या बँडात आला, पुढं एका मैफलीत ऐन रंगात त्याच्याकडनं पियानोवर साफ चुकीची कॉर्ड पडली, त्यानं कान झाकून घेतले, आणि माइल्सनं क्षणभर थांबून असे काही सूर घेतले की ती कॉर्ड बरोबरच होऊन बसली. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माइल्स डेव्हिसच्या अंगावर झालरीचा लाल कोटच दिसला.

मीही तबला शिकलोय हो, दोन वर्षं. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात 'कायदा' ही रचना वाजवताना माझी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा, एक मात्रा आधीच संपली, तेव्हा आमच्या सरांनी हात वर करून सगळं थांबवलं. साथीची धून, लेहरा, तोही थांबला. 'परत,' म्हणाले. समोर सतरंजीवर आई, आत्या, शेजारच्या काकू. परत वाजवलं, बरोबर वाजवलं, आणि पुढच्या सोमवारी क्लासला गेलो नाही. डग्गा माळ्यावर आहे अजून, पुडी उंदरांनी खाल्ली.

संध्याकाळी भाच्याचा फोन, मामा बघितलं का? म्हटलं बघितलं. आणि त्याला बँडमास्तरांची गोष्ट सगळी सांगितली, अगदी रंगवून. तो सगळं ऐकून घेऊन म्हणतो कसा, पण कशावरनं त्यांनी मुद्दाम केलं? मी म्हटलं म्हणजे काय, मुद्दामच.

पण आता वाटतंय, एप्रिलचं ऊन होतं, सकाळपासनं चालत होते, साठीचा माणूस. सूर फुटलाही असेल खरंच.