थंडीत बंद पडणारं यंत्र : आमची वाटचाल

पिंपळगाव-निफाडकडच्या एखाद्या बागेत गेलो की अजूनही कुणीतरी विचारतंच, “तुमचंच का हो ते थंडीत बंद पडणारं यंत्र?” मी हसून वेळ मारून नेतो. पण आमचं यंत्र थंडीने कधीच बंद पडलं नाही, हे एकदा लिहून ठेवतो.

2008 साली नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका पॅनेलवाल्याच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन मी आणि माझ्या भागीदाराने सुरुवात केली. द्राक्षबागेत ठिकठिकाणी तापमान, आर्द्रता आणि पानांचा ओलावा मोजायचा, आकडे वायरलेसने शेडमधल्या डब्यात आणायचे, म्हणजे भुरी-डाऊनी या बुरशीरोगांवरची फवारणी अंदाजाने करावी लागणार नाही. वायरलेसची चिप घेतली सीसी 2500, 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारी. नावातलं सीसी म्हणजे चिपकॉन, ओस्लोची कंपनी. 2006 मध्ये ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. चार बाय चार मिलिमीटरची चिप, वीस पिना, 26 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि पोटाखाली ग्राउंडचा पॅड. हा पॅड नीट बसला नाही तरी चिप एसपीआयवर, म्हणजे प्रोसेसरशी जोडणाऱ्या तारांवर, गोड बोलते, सगळी रजिस्टरं (तिच्या आतले सेटिंगचे कप्पे) वाचू देते आणि रेंज मात्र गिळते. भागीदार हॉट एअरने चिप बसवायचा आणि सोल्डर वितळलं की चिमट्याच्या टोकाने तिला केसभर ढकलायचा. ती आपोआप जागेवर परत सरकली तर पास, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आज आमच्याकडे सोल्डरिंगचा ओव्हन आहे, तरी नवीन पोराला मी आधी हेच शिकवतो. तुम्हीही शिकवा.

पहिली मोठी ऑर्डर 2010 ची, निफाड तालुक्यातल्या सहा बागायतदारांची, 36 नोड (बागेत बसवायचे मोजणीचे डबे). त्यातले नाना आमचे पहिले गिऱ्हाईक. चाचणी आम्ही ऑक्टोबरात घेतली, नानांच्या बागेत, गोडी छाटणी होऊन आठवडा झाला होता. 110 मीटरवरून आकड्यांचं एकही पॅकेट चुकलं नाही. आम्ही खूश. पत्रकावर छापलं, ‘रेंज 100 मीटर’.

डिसेंबरात फोन सुरू झाले. पहाटे नोड गायब, दहा-अकराला परत हजर. निफाडची थंडी सगळ्यांना माहीत, त्यामुळे कारणही सगळ्यांना आधीच माहीत होतं. आम्हालासुद्धा. आधी सेलवर संशय घेतला, 36 च्या 36 लिथियम सेल बदलले. मग क्रिस्टलवर : गारठ्याने फ्रिक्वेन्सी सरकत असेल म्हणून रिसीव्हरचा फिल्टर रुंद केला. ढिम्म फरक नाही. भागीदाराने एक नोड रात्रभर घरच्या फ्रिजमध्ये ठेवला, तो बिचारा सकाळपर्यंत इमाने आकडे पाठवत राहिला.

आणि याच वेळी बाहेरगावची एक कंपनी तालुक्यात उतरली. नाव घेत नाही. त्यांच्या डब्यात सिमकार्ड, वर सोलर पॅनेल, किंमत आमच्या तिप्पट. त्यांचा सेल्समन बागोबाग सांगत फिरला, “नाशिकवाल्यांचं थंडीत बंद पडतं.” 36 पैकी 22 नोड परत आले. पैसे परत करायला आमचा जुना स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे रेडिओ सिग्नल मोजायचं यंत्र, विकला. तो आम्ही एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सामानातून उचलला होता, त्याचं एक बटण तुटलेलं होतं, तिथे आम्ही आइस्क्रीमची काडी घालायचो. विकताना काडी काढून घेतली.

नानांनी नोड परत केले नाहीत. म्हणाले, “आधी बिघाड सापडू दे, मग बघू.” जानेवारीत एका पहाटे सहाला मी त्यांच्या बागेत लॅपटॉप घेऊन बसलो. मांडव गच्च भरलेला. आरएसएसआय, म्हणजे सिग्नलची ताकद, उणे 101, मधूनच पॅकेट गळत होतं. नाना म्हणाले, “दहिवर किती पडलंय बघ,” आणि मांडवाची तार धरून गदागदा हलवली. अंगावर पाणी पडलं. स्क्रीनवर उणे 95, म्हणजे सिग्नल सुधारला.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. 2.4 गिगाहर्ट्झची लहर बारा-साडेबारा सेंटिमीटरची, द्राक्षाचं पान जवळपास तेवढंच, आणि त्यात पाणी. त्यावर दंव. आम्ही चाचणी घेतली तेव्हा वेलीवर नुसत्या काड्या होत्या! उन्हाने दंव सुकलं की नोड परत यायचे. आमची चूक होती आणि ती पुरती आमचीच होती, पण थंडीचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

सुदैवाने याच घराण्यातली सीसी 1101 होती. पिना त्याच, रजिस्टरं बहुतेक तीच, फक्त ती 865 मेगाहर्ट्झवर चालते. आपल्याकडे तेव्हा 865 ते 867 चा पट्टा लायसन्सशिवाय वापरता यायचा. लहर पावणेपस्तीस सेंटिमीटरची. पानांना वळसा घालून जाते म्हणा. पहिले दोन बोर्ड भागीदाराने ब्लेडने ट्रॅक कापून, अँटेनाकडचे कॉइल-कपॅसिटर बदलून हातानेच केले. अँटेना म्हणजे साधी वायर, 8.6 सेंटिमीटर कापायची, मग मिलिमीटर मिलिमीटर छाटत आरएसएसआय बघायचा. ॲनालायझर राहिला नव्हता ना. फेब्रुवारीत, काढणीच्या तोंडावर, भरल्या बागेत पहाटे पाचला दोन्ही नोड 150 मीटरवरून बोलले. नव्या बोर्डांचे पैसे नानांनी आगाऊ दिले, व्यापाऱ्याकडून त्यांचे स्वतःचे यायचे होते तरी.

पुढची वर्षं बरी गेली. पगार वेळेवर झाले. भागीदार 2016 ला मुलीकडे बंगळूरला गेला, चिमटा मात्र इथेच ठेवून गेला.

या धंद्यात येणाऱ्यांना एवढंच सांगेन : पत्रकावर रेंज छापू नका, विचारलीच तर कुठल्या महिन्यातली ते विचारा. आणि बागायतदाराला उधारी द्यायचीच असेल तर काढणीच्या तारखेपर्यंत द्या, त्यापुढे एक दिवस नाही.

गेल्या हंगामात एकाने त्या कंपनीचा नवा डबा आमच्याकडे दुरुस्तीला आणला. म्हणे, सकाळी बंद पडतो. उघडला. आता सिमकार्ड नाहीच, आत आमच्यासारखीच सीसी 1101. बोर्डात काहीच खोट नव्हती, अँटेना मांडवाच्या लोखंडी अँगलला चिकटवून बांधलेली. बागेत जाऊन डबा बांबूवर, पानांच्या वर हातभर चढवून दिला. जाण्या-येण्यासह 600 रुपये घेतले.