पावसाळ्यात कुत्र्याला फिरवताना: माश्या आणि गोचीड

गोठ्याच्या, उकिरड्याच्या बाजूने फिरायला नेलं की चावऱ्या माश्या नेमक्या कानाच्या टोकावर बसतात. तिथे केस विरळ असतात. रक्ताची खपली धरली की आणखी माश्या येतात. म्हणून जखम आधी मिठाच्या कोमट पाण्याने पुसा. माणसांचं डीट (डास-माश्या पळवणारं रसायन) असलेलं क्रीम कुत्र्याला लावू नका, तो ते चाटतो. परमेथ्रिन या कीटकनाशकाचं औषध मांजर असलेल्या घरात नकोच, मांजराला ते विषारी आहे.

घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत, पट्ट्याखाली चाचपा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. रॉकेल, तेल, काडीचा चटका हे सगळे उद्योग बंद! नंतर कुत्र्याला ताप आला, त्याचं खाणं सुटलं तर लगेच रक्त तपासून घ्या.